बंद कारखान्याची जागा : आधी माती तपासायची की आधी गोदाम बांधायचं?

शिवारकर
सिन्नर तालुक्यात आमच्या गावाच्या वेशीवर क्रोम प्लेटिंगचा एक कारखाना होता. बंद पडून बरीच वर्षं झाली. पत्रे, मोटारी, दारं-खिडक्या भंगारात गेल्या. हौद तेवढे राहिले, कारण ते उचलून नेता येत नाहीत. पावसाळ्यात त्यांत साचलेलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं दिसतं. उताराला आमच्या भावकीची विहीर आहे. तिचं पाणी कांद्याला देतो, पीत नाही. का पीत नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

आता बँकेने जागा लिलावात काढलीय, ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर. एकजण गोदाम बांधायचं म्हणतोय आणि सोमवारी ग्रामसभेत नाहरकतीचा ठराव येतोय. माझं म्हणणं एवढंच : आधी माती आणि आसपासच्या विहिरी तपासा, आणि निघेल ते सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात लिहा. बँकेचा बोजा तिथे चढतो, मग जमिनीत मुरलेल्या क्रोमियमचा का नको? जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियमच काढलेत. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करायचा. त्याची ऐपत नसेल किंवा तो सापडलाच नाही, तर सरकारने सोय करायची.

रोखठोक
भाऊ, नियम वाचायला छान आहेत. देशात १०३ दूषित जागा नोंदल्या होत्या, आणि नियम आले तेव्हा सफाई सुरू होती ७ ठिकाणी. भोपाळची दुर्घटना १९८४ ची, तिथल्या कारखान्यातला ३३७ टन कचरा हलायला जानेवारी २०२५ उजाडला. तुमच्या हौदांचा नंबर कधी लागायचा? तोवर गावची पोरं कामासाठी रोज मोटारसायकलवर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हेलपाटे घालणार. गोदाम आलं तर हमाली आहे, वॉचमनकी आहे, पंचायतीला घरपट्टी आहे. वरून काँक्रीटचा कोबा टाकला की पाऊस मुरत नाही. विषय संपला.

जुना केमिस्ट
संपला नाही, अर्धाच संपला. कोबा हा मान्य उपाय आहे, वरचं पाणी तो खरंच अडवतो. पण खालचं? आपल्याकडे काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कातळ. पाणी कातळाच्या भेगांतून जातं, शेजारची विहीर सोडून तिसऱ्याच मळ्यात निघतं. आणि एकदा शेड उभी राहिली की खालचा नमुना काढणार कुठून?

पिवळं पाणी म्हणजे सहासंयुजी क्रोमियम, त्याच्या जातीतलं सर्वांत वाईट. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, नुसत्या डोळ्यांना पिवळं दिसतंय म्हणजे त्याच्या कितीतरी पट. उपाय मात्र फार विदेशी नाही. हिराकस, म्हणजे बागेत पानं पिवळी पडली की सोडतो तेच फेरस सल्फेट. त्याने विषारी क्रोमियमचं त्रिसंयुजी, म्हणजे बरंच कमी घातक, क्रोमियम बनतं, ते पाण्याबरोबर सहसा पळत नाही. हौदातला गाळ रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावरच जायला हवा. (कृपा करून कुणी घरची पोती नेऊन ओतू नका. मात्रा चुकते.) नंतरही विहिरी तपासत राहाव्या लागतात.

मळ्यातली
तपासणीला माझा विरोध नाही, सातबाऱ्याला आहे. आज कारखान्याच्या गटावर लिहाल, उद्या उताराच्या दहा गटांवर. मग सोसायटी पीककर्ज देईल? व्यापारी बांधावर येऊन भाव पाडणार नाही? पाप कारखानदाराचं आणि बोजा आमच्या उताऱ्यावर!

रोखठोक
बघा, ताई बरोबर बोलल्या.

मळ्यातली
तुमच्या बाजूने नाही बोलले, दादा. माझ्या म्हशी तेच पाणी पितात.

घाटावरचा
आणि किती साफ केलं म्हणजे साफ? कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ ला बंद झाला. किलोभर मातीत २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल की नाही, यावरच वर्षं गेली. गोदामाला चालेल ते अंगणवाडीला चालणार नाही.

शिवारकर
ताईंचं पटलं. नोंद फक्त कारखान्याच्या गटावर, विहिरींचे अहवाल ग्रामसभेत वाचायचे. आणि रोखठोक, तपासणीने गिऱ्हाईक पळतं असंच काही नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने, घेण्याआधी जागेची रीतसर चौकशी केली आणि पुढे काळजी घेतली, तर जुन्या घाणीची जबाबदारी नव्या मालकावर येत नाही. असं संरक्षण इथे मिळालं तर गोदामवालाच तपासणी मागेल.

रोखठोक
मिळालं तर! सोमवारी ठरावाला मी हात वर करणार. पण बाटलीभर पाणी तपासायला माझी ना नाही. पैसे?

शिवारकर
विहिरीपुरते मी घालतो.

जुना केमिस्ट
मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग बाटली भरा. बर्फात ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. हौदाला हात लावू नका.

शिवारकर
ताई, तुमची मोटार कधी चालते?

मळ्यातली
या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. साडेबाराला या, बॅटरी घेऊन. बांधावर कुत्रं आहे.