क’ म्हणजे ख नव्हे

कुणीतरी लिहिलंय की मेक्सिको-ग्वातेमालातल्या माया भाषांमधला क’ म्हणजे आपला ख. मला हे पटत नाही, उलट दोन्ही एकमेकांपासून बरेच लांब आहेत. ख म्हणताना फुप्फुसातून हवेचा झोत येतो. क’ म्हणताना स्वरतंतू घट्ट मिटलेले असतात आणि तोंडात कोंडलेली हवाच टक् करून सुटते. करून बघा: श्वास पूर्ण रोखून क म्हणा. येतो, आणि जवळपास तोच क’. आता श्वास रोखूनच ख म्हणा. येणारच नाही!

क आणि क’ मधला फरकही नुसता हौशीचा नाही, त्याने शब्दाचा अर्थच बदलतो. मेक्सिकोतल्या युकातेक मायात ‘कन’ म्हणजे चार आणि ‘क’न’ म्हणजे पिवळा, पिकलेला. ग्वातेमालातल्या किचे या माया भाषेत तर जिभेच्या अगदी मागे, पडजिभेपाशी क-क’ सारखी आणखी एक जोडी आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को दे ला पार्रा या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूला हे आवाज स्पॅनिश लिपीत मावेनात, म्हणून त्याने उलटा 3 आणि सरळ 4 या इंग्रजी आकड्यांसारखी दिसणारी नवी अक्षरं घडवली. त्याचा कान किती तयार असेल!

युकातेकचा ब मात्र हवा आत ओढून म्हणतात, सिंधीतल्या ॿ सारखा. सिंधी शेजारी असतील तर त्यांच्याकडून जरूर ऐका.