ठाणे : दाढेतली जुनी चांदी काढून पांढरं फिलिंग करावं का? डेंटिस्ट सुचवा

नौपाडाकर
आईच्या (वय ६३) चार दाढांत वीसेक वर्षांपूर्वी भरलेली चांदी (धातूंच्या मिश्रणाचं फिलिंग, अमाल्गम) आहे. परवा चकली चावताना त्यातल्या खालच्या एका दाढेचा टवका उडाला. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते आणि कापते. जवळच्या एका दवाखान्यात म्हणाले, चांदीत पारा असतो, विषारी. चारही दाढांतली काढून कंपोझिट, म्हणजे पांढरं फिलिंग, भरू. रात्री आई आरशासमोर टॉर्च धरून दाढा बघत बसली होती. खरंच काढायला हवी का? चावायच्या दाढेत कंपोझिट टिकतं का? ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणाकडे जावं? आईचे गुडघे दुखतात, लिफ्ट हवी.

मिसळपंथी
टिकतं. माझं सात वर्षं टिकलंय. कडेने जरा पिवळं पडलंय, पण त्यात मामलेदार मिसळीच्या तर्रीचा हात असणार.

दंतकथा
मी दंतवैद्य आहे, दवाखाना विरारला, म्हणजे पेशंट ओढायला लिहीत नाहीये.

त्या चांदीत वजनाने साधारण निम्मा पारा असतो हे खरं, पण तो चांदी, कथील, तांब्याशी बांधला गेलेला असतो. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळजवळ बंद केला, पण त्यामागे पर्यावरणाचं कारण मोठं आहे. धड बसलेली चांदी निव्वळ भीतीने उकरू नका. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते, शिवाय चांगला दातही थोडा कोरला जातो. आधी एक्स-रे, मग तुटलेल्या दाढेचं बघा.

आता कंपोझिट. राळ आणि काचेची अतिबारीक पूड, असं हे मिश्रण. दाताला फॉस्फरिक ॲसिडचं जेल लावून धुतात, मग बाँड (चिकटवणारा द्रव), मग साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. घट्ट होताना ते आक्रसतं, शिवाय जाड थरात प्रकाश तळापर्यंत पोचत नाही, म्हणून एकदम लिंपून चालत नाही. मध्येच थुंकी लागली तर चिकटणं संपलं; वर्षा-दोन वर्षांत फटीतून पुन्हा कीड. त्यामुळे कुठल्या कंपनीचं मटेरियल हे विचारण्यापेक्षा ‘रबर डॅम लावता का?’ एवढंच विचारा. दाढेभोवती ताणून बसवायचं रबर असतं ते.

टवका हिरडीखाली गेला असेल तर तिथे कोरडं ठेवणं अवघड. तिथे ग्लास आयोनोमर (दुसऱ्या प्रकारचं पांढरं फिलिंग) बरं. ताकद कमी, पण ओलाव्याला कंपोझिटइतकं कुरकुरत नाही. आणि अर्धी दाढच गेली असेल तर ऑनले (दाढेच्या वरच्या भागावर चिकटवायचा तयार तुकडा) किंवा पूर्ण दाढ झाकणारी कॅप.

ऐरोलीची माई
माझा अनुभव लिहिते. घाईघाईत भरून दिलं. जबडा बधिर, ‘चावून बघा’ म्हणाले, मी मान डोलावली. घरी आल्यावर कळलं की फिलिंग उंच लागतंय. पंधरा दिवस चहाचा घोट घेतला की कानापर्यंत सणक! परत गेले तर कुठे उंच लागतंय त्याची खूण उमटवणारा निळा कागद चाववून दोन मिनिटांत घासून दिलं. आईला म्हणावं, बधिरपणा उतरल्यावर उंच वाटलं तर दुसऱ्याच दिवशी परत जा, ‘होईल सवय’ करत बसू नकोस.

पामबीच
नेरूळचं डी. वाय. पाटील डेंटल कॉलेज बघा. ठाण्याहून थेट लोकल आहे. पदव्युत्तर विद्यार्थी करतात, सर येऊन तपासतात, खर्च खाजगीपेक्षा कमी. अर्धा दिवस मात्र गेलाच म्हणून समजा. लिफ्टचं आधी फोनवर विचारून घ्या.

नौपाडाकर
सगळ्यांचे आभार. काल घंटाळीजवळ एका डॉक्टरीणबाईंकडे दाखवलं. एक्स-रेत बाकीच्या तिन्ही दाढा ठणठणीत, त्यांना हात लावणार नाहीत. टवका हिरडीच्या वरच आहे, गुरुवारी कंपोझिट. रबर डॅमचं विचारल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि ‘लावतेच मी’ म्हणाल्या.

लिफ्ट होती, बंद होती. आई दोन मजले चढली.