संकष्टीचा चंद्र एवढा उशिरा का उगवतो? लेकीला काय सांगू

काल संकष्टी होती, सासूबाई नैवेद्याचं ताट झाकून गच्चीत चंद्राची वाट बघत बसलेल्या आणि लेक (पाचवीत आहे) विचारते, आई पौर्णिमेला तर दिवेलागणीलाच दिसला होता मग आज एवढा उशीर का, आणि वरून चेपल्यासारखा का दिसतोय? मी म्हटलं पृथ्वीची सावली पडते. मग माझं मलाच वाटलं की सावली पडते ते तर ग्रहण ना? प्लीज कुणीतरी नीट सांगा, तिला चुकीचं शिकवायचं नाहीये.

प्रतिसाद १
ताई, कलांचा आणि सावलीचा काही संबंध नाही. ग्रहण सोडलं तर चंद्राचा अर्धा गोळा कायम उन्हात असतो, तो आपल्याला कुठल्या बाजूने दिसतो तेवढाच फरक. घरीच करून बघा. खोलीत अंधार करा, एकच बल्ब लावा, विणायच्या सुईला मोसंबं खोचून लेकीला हात लांब करून धरायला सांगा, डोक्यापेक्षा जरा वर. बल्बकडे तोंड म्हणजे अमावास्या. डावीकडे वळत जायचं, पाव फेरी झाली की मोसंब्याची उजवी अर्धी बाजू उजळते, ती शुक्ल अष्टमी. बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा, आणि तिथून थोडं आणखी वळलं की उजवी कड काळी पडायला लागते, तुमचा कालचा चंद्र हाच. उगवताना तीच कड वर असते म्हणून वरून चेपल्यासारखा वाटला, मुलीची नजर चांगली आहे हं!

उशिराचं म्हणाल तर तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणून चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं मागे पडतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हाच उगवतो, चतुर्थीपर्यंत अडीच-तीन तास मागे. ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं, म्हणून कॅलेंडरात कधी सव्वाआठ तर कधी पावणेदहा छापलेलं असतं.

प्रतिसाद २
आमच्या कोकणात हाच हिशोब भरतीला लावतात. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला चार पाऊणे तीन, साधारण तीनला भरती, दुपारीही आणि पहाटेही. आजोबा होडी काढायच्या आधी बोटांवर मोजायचे. पुनवेला आणि अवसेला उधाण कारण सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, अष्टमीला काटकोनात म्हणून भांग, पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही.

प्रश्नकर्ती
केलं मोसंब्याचं! पाठ फिरवल्यावर तिने हात खाली घेतला तर तिच्याच डोक्याची सावली मोसंब्यावर पडली आणि ओरडली, आई ग्रहण लागलं. मग दर पौर्णिमेला का नाही लागत?

प्रतिसाद १
कारण चंद्राची वाट आपल्या वाटेला ५ अंश कललेली आहे, बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. म्हणूनच हात वर धरायला सांगितला होता. आता अजून तीन-चार दिवस सकाळी शाळेत जाताना तिला पश्चिमेकडे बघायला सांगा, अर्ध्याकडे झुकलेला चंद्र उजेडात दिसेल.