पडल्याचं सांगणाऱ्या आयालाच कामावरून काढायचं का?

टिळकवाडीकर
माझी आत्या बेळगावातल्या एका वृद्धाश्रमात असते. गेल्या पावसाळ्यात रात्री संडासाला जाताना पडली. आम्हाला कळलं ते कमरेवरचा काळानिळा डाग बघून. आयाने लपवलं, कारण आधीच्या आयाने असंच काही सांगितलं तर तिलाच घरी बसवलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: स्वतःहून सांगणाऱ्या बाईला शिक्षा नको. पडता पडता वाचलं तरी वहीत नोंद हवी. अमेरिकेत 2008 पासून नर्सिंग होमच्या, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या देखभाल केंद्रांच्या, कर्मचाऱ्यांसाठी सरकारी प्रश्नावली आहे. कुणाला इजा झाली की दोष कर्मचाऱ्यावर टाकतात का, हे त्यात थेट विचारलंय. आपल्याकडे आयांना हे कुणी विचारतं का?

निपाणीची सून
मला नाही पटत. माझ्या सासऱ्यांना सतत पडून राहून पाठीला बेडसोर झाला. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढंच काम होतं. चादर उचलली तर वासाने उभं राहवेना. वहीत लिहिलं असतं तर ती जखम भरली असती का? हयगय करणाऱ्याला धाक हवाच. नाहीतर उद्या सगळेच म्हणतील, "आम्ही सांगितलं होतं की!"

खानापूर_रात्रपाळी
ताई, मी हेच काम करते. रात्री अख्ख्या मजल्याला मी एकटी. एका आजोबांची कूस बदलायला गेले की पलीकडच्या खोलीत आजी उठलेल्या असतात. गोळ्यांचा कागद इंग्रजीत, आजी मराठी, नवी आया कन्नड. पाळी बदलताना निरोप अर्धाच पोचतो. धाक दाखवून मला आणखी दोन हात फुटणार आहेत का?

आमच्याकडे नोंदवही सुरू केली तेव्हा दिसलं की एक आजी दर वेळी पहाटेच्या सुमारास पडतात. लघवी होण्याची गोळी त्यांना संध्याकाळी दिली जायची. डॉक्टरांनी ती सकाळी केली आणि बाथरूमला दांडी बसवून घेतली. तेव्हापासून रात्रीचं उठणं बरंच कमी झालं. मी नोकरीच्या भीतीने गप्प बसले असते तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

निपाणीची सून
गोळीचं पटलं. पण नातेवाइकांना त्याच दिवशी फोन गेला पाहिजे, ही अट मी सोडणार नाही. लपवलं तर शिक्षा, मग आया असो की मालक.

टिळकवाडीकर
फोनची अट मान्य, ताई. मात्र शिक्षा आधी मालकाला. रात्री एकच बाई ठेवायची, हे त्यानेच ठरवलेलं असतं.

चिकोडीचे काका
मालकाची बाजूही बघा. रात्री दुसरी बाई ठेवली की फी वाढणार, आणि फी वाढली की हीच मुलं आई-वडिलांना घरी नेणार. घरी तरी दिवसभर जवळ कोण असतं?

निपाणीची सून
काका, फी वाढवा, आम्ही देऊ. पण आधी रात्री किती माणसं असतात ते दारावर लिहा. आणि त्याखाली ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567 हा नंबरही लिहा, म्हणजे आयालाही तक्रार करता येईल.

खानापूर_रात्रपाळी
नंबर लावा, पण फोन कुणी केला ते मालकाला कळता कामा नये.