एचआर अमेरिकेतून आलं?

'एचआर' म्हणजे कंपनीत माणसांची भरती आणि देखभाल बघणारं खातं ही अमेरिकेची देणगी, असं म्हणतात. शब्दापुरतं मान्य, पण या पेशाची एक जुनी मुळी इंग्लंडमधल्या यॉर्कला, राउंट्रीच्या कोको-चॉकलेटच्या कारखान्यात सापडते. तिथे १८९६ मध्ये मेरी वूड यांना वेलफेअरच्या, म्हणजे कामगारांच्या कल्याणाच्या कामावर नेमलं. कामावरच्या आजारी मुलींच्या घरी जाऊन विचारपूस करायची आणि कारखान्यात त्यांच्या वागणुकीवरही नजर ठेवायची. म्हणजे माया आणि पहारा एकाच बाईंच्या पदरात! आजच्या एचआरवाल्यांवर 'नक्की कुणाच्या बाजूचे?' म्हणून जो राग निघतो, तो या नेमणुकीइतकाच जुना असावा.

१९१३ मध्ये यॉर्कलाच या कामातल्या लोकांची संघटना उभी राहिली. पुढाकार कारखान्याच्या मालक घराण्यातले सीबोम राउंट्री यांचा, पहिल्या अध्यक्ष मेरी वूडच. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने आल्या आणि वेलफेअरचं काम एकदम वाढलं. पुढे संघटनेची नावं बदलत गेली. १९४६ मध्ये त्यात 'पर्सोनेल मॅनेजमेंट' आलं. एचआरवाल्यांची आजची ब्रिटिश संस्था सीआयपीडी ती हीच.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात, आणि त्याला दस्तुरी (लाच) चारल्याशिवाय काम मिळणं कठीण. तो कारभार मोडायला लेबर ऑफिसर नेमा, असं भारतातल्या कामगारांसाठी ब्रिटिशांनी नेमलेल्या व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालानं सुचवलं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना वेलफेअर ऑफिसर सक्तीचा केला. त्यामुळे आपल्याकडचा धागा अमेरिकेपेक्षा इंग्लंडशी जवळचा वाटतो.