कांद्याच्या पातीवर थेंब थांबत का नाही?

प्रश्न (वैजापूर): फुलकिड्यांसाठी फवारलं की थेंब पातीवरून घरंगळून थेट मातीत. बांधावरच्या गुलाबाची पाकळी मात्र उलटी धरली तरी थेंब सुटत नाही. दोन्हीकडं पाणी गोलच दिसतं. मग फरक कशात?

उत्तर (परभणी): दादा, लई नेमकं पाहिलंत! थेंब गोल होणं वेगळं अन् चिकटणं वेगळं. पातीवर मेणाचे अतिबारीक कण असतात. त्यांच्या फटींत हवा अडकते, थेंब नुसता टोकांवर बसतो. कमळाच्या पानाचंही तसंच. पाकळीवरचे उंचवटे मोठे, म्हणून पाणी मधल्या खाचांत शिरून पकड धरतं. चीनमधल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवलं.

तुम्हाला हवी ती पकड स्टिकरनं, म्हणजे फवारणीच्या पाण्यात मिसळायच्या चिकटद्रव्यानं येते. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल आवळून धरणारी ओढ, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. सिलिकॉनवालं स्टिकर तो बावीसच्या आसपास आणतं, मग थेंब पसरतो. नोझलही बारीक थेंबाचं घ्या, मोठा थेंब पातीवर आपटून उसळतो.

उत्तर (कन्नड): पण भाऊ, स्टिकर हात सैल सोडून ओतू नका. पाणी इतकं पसरतं की पातीवरून ओघळून बुडाशी जातं. डब्यावरचं प्रमाण पाळा.

प्रश्नकर्ता: म्हणजे पंपात औषध वाढवून उपयोग नव्हता. उद्या सकाळी वारा पडलेला असताना दोन वाफ्यांवर बघतो.