एकल पियानोवादन : संगीतासाठीही ऐकावीत आणि आवाजासाठीही, अशी कोणती ध्वनिमुद्रणे तुमच्याकडे आहेत?

षड्ज (प्रश्न)

नमस्कार. गेली काही वर्षे मी प्रामुख्याने पियानोचे एकल वादन ऐकतो आहे आणि त्यासाठी स्पीकर व ॲम्प्लिफायर यांची जुळणीही पुष्कळ विचार करून केली आहे. माझी अडचण अशी आहे की, उत्तम आवाजासाठी ज्या तबकड्यांची शिफारस होते, त्यांतला पियानो लख्ख ऐकू येतो, पण वादन दोन-तीनदा ऐकून झाले की ती तबकडी पुन्हा लावावीशी वाटत नाही. उलट ज्या वादनांनी मला या वाद्याचा नाद लावला, त्यांतली बरीचशी जुनी आहेत. त्यांत खरखर आहे, खर्ज बोथट आहे आणि चांगल्या यंत्रणेवर त्यांच्या उणिवा अधिकच उघड्या पडतात.

बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचेच पाहा. ग्लेन गूल्ड यांनी त्या न्यूयॉर्कमध्ये थर्टिएथ स्ट्रीटवरील कोलंबियाच्या स्टुडिओत १९५५ साली मुद्रित केल्या आणि १९८१ साली त्याच स्टुडिओत पुन्हा एकदा. पहिले वादन सुमारे ३८ मिनिटांत संपते, दुसरे ५१ मिनिटे चालते. मला दुसरे अधिक जवळचे वाटते, कारण त्यातला सुरुवातीचा आरिया, म्हणजे जिची पुढे निरनिराळी रूपे येतात ती मूळ रचना, इतका संथ आहे की प्रत्येक स्वर वेगळा उचलून पाहता येतो. पण माझ्याकडच्या सीडीवर तेच स्वर काचेसारखे कडक लागतात. हा दोष माझ्या यंत्रणेचा आहे की मुद्रणाचा?

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पियानोचे मुद्रण चांगले आहे की नाही, हे ठरवताना तुम्ही नेमके काय ऐकता? आणि संगीत व आवाज या दोन्ही कारणांसाठी तुम्ही पुन:पुन्हा ज्यांच्याकडे वळता, ती मुद्रणे कोणती?

मंद्र

गूल्डविषयीच्या शंकेचे उत्तर सोपे आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. १९८१ च्या मुद्रणाच्या वेळी डिजिटल यंत्राबरोबर ॲनालॉग टेपही चालू होती. प्रथम प्रसिद्ध झाले ते डिजिटल रूप. ते तंत्र तेव्हा नवे होते आणि वरच्या सप्तकांत त्याचा कडकपणा मलाही खटकतो. पुढे २००२ मध्ये दोन्ही वादने एकत्र प्रसिद्ध झाली, तेव्हा दुसऱ्या वादनासाठी ॲनालॉग टेप वापरली गेली. स्पीकरकडे संशयाने पाहण्याआधी ते रूप मिळवून ऐकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता काय ऐकावे, याविषयी. बहुतेक जण हातोडीचा आघात ऐकतात, तो किती स्वच्छ आणि किती जोरकस आहे ते पाहतात. माझ्या मते खरी परीक्षा आघातानंतर सुरू होते. बासरी किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्याला लागलेला स्वर फुलवता येतो. पियानोवादकाने पट्टी दाबली की तो स्वर वाढवणे त्याच्या हातात राहत नाही. स्वर ओसरत कसा जातो आणि त्या ओसरण्याच्या कोणत्या टप्प्यावर पुढचा स्वर येऊन मिळतो, यातच त्याची सगळी गायकी असते. सतारीच्या बाबतीत आपण जिला आस म्हणतो, तीच ही आस. मुद्रणात ती टिकली नसेल, तर वादकाचे निम्मे काम आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

ही आस साधी नसते. मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका पट्टीला तीन तारा असतात. हातोडी तिन्हींवर एकदम पडते तेव्हा त्या एकजुटीने हलतात, त्यांची शक्ती खालच्या लाकडी फळीत भराभर उतरते आणि स्वर झपाट्याने क्षीण होऊ लागतो. पण तिन्ही तारा कधीच अगदी तंतोतंत एका सुरात नसतात, त्यामुळे थोड्याच वेळात त्यांची एकजूट मोडते, फळीकडे जाणारी शक्ती कमी होते आणि उरलेला स्वर पुष्कळ सावकाश विरतो. म्हणजे एकाच स्वराला आधी तीव्र आणि मग सौम्य असे दोन उतार असतात. त्यात भर अशी की, सर्वांत वरच्या साधारण दीड सप्तकातील तारांवर त्यांना गप्प करणाऱ्या फेल्टच्या गाद्या नसतातच. खाली काहीही वाजले की त्या तारा बारीकशा गुणगुणत राहतात. दुसरा उतार आणि ही गुणगुण ऐकू आली, की समोर वाद्य ठेवल्यासारखे वाटते. ती नसेल, तर कितीही लख्ख आवाज असला तरी ऐकणारा लवकर कंटाळतो. तुमच्या त्या शिफारस झालेल्या तबकड्यांचे बहुधा हेच झाले असावे.

याचा मोठा भाग माइक कोठे ठेवला यावर ठरतो. माइक झाकणाच्या आत, तारांच्या जवळ नेला की आघात ठळक येतो, खर्ज एका भिंतीला आणि तार सप्तक दुसऱ्या भिंतीला जाऊन टेकते, नऊ फुटांचे वाद्य खोलीएवढे होऊन बसते आणि पहिल्या पाच मिनिटांत माणूस भारावूनही जातो. माइक थोडा मागे घेतला तर दालनाची हवा स्वरात मिसळते आणि दुसऱ्या उताराला जागा मिळते.

माझी पहिली शिफारस क्लाउडिओ अराऊ यांनी फिलिप्स कंपनीसाठी वाजवलेल्या देब्युसीच्या प्रील्यूड्सची, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचनांची. ते मुद्रण स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ येथील सभागृहात १९७९-८० च्या सुमारास झाले, तेव्हा अराऊ पंचाहत्तरीच्या पुढे होते. त्यातील बुडालेल्या कॅथीड्रलचे प्रील्यूड लावा आणि खर्जातील घंटानादासारखे स्वरसमूह शेवटपर्यंत ऐका. अराऊ घाई करत नाहीत आणि त्या दालनातला नादही घाई करत नाही. दुसरी शिफारस राडू लुपू यांच्या डेक्का कंपनीच्या ब्राम्सची, म्हणजे ऑपस (रचनाक्रमांक) ११८ आणि ११९ ची. ११८ मधील दुसरी रचना मी आजवर किती वेळा ऐकली असेल ते सांगता येणार नाही. मधल्या सप्तकात लुपू ज्या तऱ्हेने एक ओळ बाकीच्या स्वरांतून किंचित वर उचलून धरतात, ते केवळ बोटांच्या वजनाचे काम आहे.

निव्वळ ध्वनिमुद्रणाचा आदर्श म्हणून मिनोरू नोजिमा यांचे लिस्टचे वादन ऐकावे. रेफरन्स रेकॉर्डिंग्ज या संस्थेसाठी किथ जॉन्सन यांनी ते १९८० च्या दशकात मुद्रित केले. आवाजासाठी गाजलेल्या तबकड्यांपैकी ही अशी एक आहे, जी वादनासाठीही मी तितक्याच आनंदाने लावतो.

जुनी तबकडी

मंद्र यांनी आसेविषयी जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्यावरून जुन्या मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या) मुद्रणांत आस नसतेच, असा समज कोणी करून घेऊ नये. ती पुष्कळदा असते. नंतर स्वच्छता करणारे लोक ती पुसून टाकतात. खरखर आणि विरत जाणारा स्वर एकाच पातळीवर असतात. खरखर काढण्याचा अतिरेक झाला की स्वराची शेपटीही तिच्याबरोबर कापली जाते आणि मागे उरतो तो कापसात गुंडाळलेला, ठोकळेबाज पियानो. म्हणून जुन्या वादनाच्या अनेक आवृत्त्या उपलब्ध असतील, तेव्हा मी जिच्यात खरखर शिल्लक आहे ती निवडतो. पाच मिनिटांत कान तिला सरावतो.

आर्टूर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हनच्या बत्तीसही सोनाटांचे पहिले संपूर्ण मुद्रण केले. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत, त्यामुळे त्यांना तुकड्यातुकड्यांनी वाजवावे लागले. तरीही शेवटच्या सोनाटांतील संथ भाग ऐकताना सलग एक श्वास चालू आहे असे वाटते. त्यांच्या चुकलेल्या स्वरांकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. मला ते स्वर कधी आडवे आले नाहीत.

परंतु मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे ते दिनू लिपाटी यांच्या बेझांसाँ येथील मैफलीविषयी. १६ सप्टेंबर १९५० चा तो दिवस होता. लिपाटी गंभीर आजारी होते, डॉक्टरांचा विरोध होता आणि ही त्यांची शेवटची मैफल ठरली; त्याच वर्षी २ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. कार्यक्रमात शोपँच्या चौदा वॉल्ट्झ होत्या, त्यांपैकी तेरा त्यांनी वाजवल्या आणि चौदावी वाजवण्याची ताकद उरली नाही. हे माहीत नसतानाही ते वादन थोरच ठरले असते. बाखचा पार्टिटा (नृत्यरचनांची मालिका) सुरू करण्याआधी ते त्याच स्वरांत काही आरोही झंकार वाजवतात, गवयाने मैफलीआधी तंबोऱ्यावर सूर तपासावा तसे. ते झंकार त्या सभागृहात विरतात आणि मग पार्टिटा सुरू होतो. मुद्रण अर्थातच मोनो आहे, पण विरण्याची ती दोन-तीन सेकंदे मला अनेक महागड्या मुद्रणांत मिळालेली नाहीत.

स्व्यातोस्लाव रिख्टर यांनी २५ फेब्रुवारी १९५८ रोजी सोफियात वाजवलेले मुसोर्गस्कीचे ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ही ऐकावे. श्रोते खूप खोकतात, हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. काही वर्षांपूर्वी मी नवी कोरी एलपी आणली आणि तिच्यात लांबलेला प्रत्येक स्वर हेलकावे खात होता. मी सुई बदलली, पट्टा बदलला, टर्नटेबलची गती मोजून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी घड्याळ लावून बसलो, तेव्हा हेलकावा बरोबर दर १.८ सेकंदांनी येतो असे आढळले. एलपी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंदच लागतात. तबकडीचे मधले छिद्रच केंद्रापासून सरकलेले होते. व्हायोलिनमध्ये असा दोष कंपनात खपून जातो. पियानोचा स्वर स्थिर असल्यामुळे त्यात तो लपत नाही. यंत्रणेवर खर्च करण्याआधी हे अवश्य तपासावे.

तीन तारा

येथे जॅझचा उल्लेख झालेला नाही, म्हणून लिहितो. किथ जॅरेट यांचे ‘द कोल्न कॉन्सर्ट’ सर्वांनाच ठाऊक असते, पण प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री कोल्नच्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांच्यासमोर आला तो मागितलेला पियानो नव्हता. आलेले वाद्य लहान होते, त्याचे वरचे स्वर पातळ आणि खर्ज दुबळा होता. म्हणजे मंद्र ज्या आसेविषयी लिहितात, ती त्या वाद्यात फारशी नव्हतीच. जॅरेट बहुतांशी मधल्या सप्तकात राहिले आणि डाव्या हाताने एकच आकृती पुन:पुन्हा वाजवत गेले. स्वर टिकत नव्हता, म्हणून त्यांनी तो आवर्तनांनी टिकवला. अशा वाद्याचे ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने केलेले मुद्रण मात्र इतके प्रामाणिक आहे की, त्या पियानोचा स्वभाव पहिल्या मिनिटात ओळखू येतो.

थेलोनिअस मंक यांचे १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील फुगाझी हॉलमध्ये झालेले एकल मुद्रण तर जरूर ऐका. ते एखादा दाटीवाटीचा स्वरसमूह वाजवतात, मग एकेक बोट उचलत नेतात आणि शेवटी त्या दाटीतला एकच स्वर मागे ठेवतात. तो स्वर वाजवलेला वाटत नाही. तो तेथे आधीपासून होता आणि आत्ता उघडा झाला, असे वाटते. बिल एव्हान्स यांचे १९६८ मध्ये मुद्रित झालेले ‘अलोन’ यापेक्षा अगदी निराळे आहे, सलग आणि मृदू. त्यातली चौदा मिनिटांहून मोठी रचना रात्री, आवाज कमी ठेवून ऐकण्यासारखी आहे.

माइक जवळ ठेवण्याला मंद्र यांचा विरोध दिसतो. त्यांनी निल्स फ्राम यांचे २०११ चे ‘फेल्ट’ ऐकावे, अशी विनंती. तारांवर फेल्ट टाकून आणि माइक वाद्याच्या पार आत ठेवून ते मुद्रित केले आहे. लाकडाची कुरकुर, हातोडीची हालचाल, वादकाचा श्वास हे सारे त्यात संगीताचाच भाग होऊन येते.

मंद्र

विरोध सरसकट नाही. मोठ्या दालनासाठी लिहिलेले संगीत झाकणाखाली कोंडण्याला आहे. ‘फेल्ट’ मी ऐकले आहे आणि तेथे ती जवळीक योग्यच आहे, कारण ती रचनाच त्या अंतरासाठी आहे.

षड्ज

सर्वांचे मन:पूर्वक आभार. गूल्ड यांचे ॲनालॉग टेपवरून घेतलेले रूप मिळाले. स्पीकर तेच, जागा तीच, आणि तरीही तो काचेसारखा कडकपणा बराच निवळला. आरियाच्या शेवटी येणारी शांतताही आता रिकामी वाटत नाही. वाजवताना गूल्ड स्वतः गुणगुणतात, ते तेवढे अधिक स्पष्ट झाले आहे, पण त्याची मला तक्रार नाही.

काल रात्री लिपाटी ऐकले. जुनी तबकडी यांनी सांगितलेल्या झंकारापाशी मी तीनदा मागे गेलो. तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकताना त्या सभागृहाची खोली, म्हणजे मागची भिंत साधारण किती दूर असेल, हे मोनो मुद्रणातही जाणवले. पार्टिटा सुरू झाल्यावर मात्र आवाजाकडे लक्ष राहिले नाही.

एक प्रश्न शिल्लक आहे. अराऊंच्या देब्युसीनंतर याच संगीतकाराचे, पण अगदी वेगळ्या स्वभावाचे वादन ऐकायचे असेल तर काय घ्यावे?

मंद्र

आर्टुरो बेनेडेट्टी मिकेलांजेली यांचे डॉइचे ग्रामोफोनवरील १९७१ चे मुद्रण घ्यावे. त्यात ‘इमाजेस’ आणि ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ आहेत. दालन अराऊंइतके उबदार नाही आणि पहिल्यांदा ऐकताना ते थोडे कोरडेही वाटेल. पण ‘इमाजेस’मधील पाण्यातील प्रतिबिंबांची जी पहिली रचना आहे, तिच्या शेवटच्या पानावर येईपर्यंत थांबावे. तेथे मिकेलांजेली पेडल एकदम सोडत नाहीत, पायाखाली हळूहळू वर येऊ देतात आणि स्वरसमूह एकाच वेळी न संपता थराथराने विरत जातो. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवून ऐकावे.